हळदीच्या पोत्यांची खोली

पाटी अजून आहे: 'शांतिनाथ साउंड. ऐका, मग बोला.'
शेवटचा काना गळून पडलाय,
तेव्हापासून पाटी गिऱ्हाइकाला अरे-तुरे करते.
रागवायला गिऱ्हाईक तरी कुठं उरलंय.

आतल्या खोलीत भिंतीभर हळदीची रिकामी पोती.
पुण्याचा कुणी फोमचे भाव सांगून गेला होता, त्र्याण्णव साली.
बाळगोंडा चौगुले उठले, यार्डात गेले,
टेम्पो भरून पोती घेऊन आले.
"ह्यो बघ फोम."
आमच्याकडं माणूस आधी एकदा शिंकतो, मग ऐकतो.

मी दस्तगीर. टेबलामागं, सोल्डरच्या धुरात, तीस वर्षं.
सांगलीत कुणाच्या कपाटावरचा डावा चॅनल
कुठल्या महिन्यात खरखरतो, मला ठाऊक असतं.
एकोणीसच्या पुरात आमचे लाकडी स्पीकर
तोंडं वर करून तरंगत होते.
गच्चीवर वाळवले. दोनच जगले.
त्यातल्या एकाच्या खर्जात अजून थोडी कृष्णा आहे,
मालक ती काढू देत नाहीत.

जानेवारीत प्रदर्शन भरायचं, मिरजेच्या लॉजात.
पलंग उभे करून भिंतीला टेकवायचे,
खोलीला एक मशीन, दाराशी चपलांचा ढीग.
तासगावचा बेदाणेवाला यायचा, मिशनचे दोन डॉक्टर,
आणि एस.टी.तला एक कंडक्टर,
जो काही घ्यायचा नाही,
पण चहा स्वतःच्या पैशानंच प्यायचा.
सहा खोल्या असायच्या.
गेल्या वर्षी दोन. एकीत आम्ही,
दुसरीत लॉजचा मॅनेजर झोपला होता.

पुतण्या सुकुमार म्हणतो, काका, डीजेचे बॉक्स भरू.
दोन मिरवणुकांत वर्षाचं भाडं सुटतंय.
खोटं नाही बोलत तो, हिशेब मीही करून बघितलाय.
मालक फडकं फिरवत राहिले, मग म्हणाले,
"वाजतंय सगळंच, सुकुमार.
ऐकू काय येतंय, ते सांग."
सुकुमारच्या खिशात फोन वाजला. तो बाहेर गेला.

परवा पार्सल आलं. सुई.
हो, आम्हीपण आता सुई फोनवरूनच मागवतो.
घेऊन आलेली पोरगी, तनुजा ऐवळे, हेल्मेट काखेत,
"काका, ओटीपी."
ओटीपी येईना. रेंज पोत्यांत अडकते.
ती दारातून आत आली, शिंकली.
मालकांनी जुनी तबकडी लावली होती, नवी सुई यायच्या आधी
जुनीला शेवटचं ऐकून घ्यावं म्हणून.
गाणं सुरू व्हायचं होतं. नुसता तंबोरा.
आणि पोरगी गर्रकन मागं वळली.
"कोण खोकलं?"
मागं कुणी नव्हतं. पोती होती.
खोकणारा तबकडीत होता, साथीदार असेल,
साठ वर्षं झाली असतील त्याला.
ती स्पीकरजवळ गेली, वाकून
जाळीच्या पलीकडं बघून आली.
"परत लावा."
गाणं? "न्हाई. खोकला."

मालकांनी सुई उचलली, मागं ठेवली.
तंबोरा, तंबोरा, खोकला.
तिसऱ्यांदा ती म्हणाली,
"डाव्या अंगाला बसलाय. तोंडावर हात हाय त्याच्या."
तीस वर्षांत मला हात ऐकू आला नव्हता.

ओटीपी आला. चार आकडे.
हेल्मेट घालताना तिनं विचारलं,
"मला रविवारी सुट्टी असती. उघडं असतंय का?"
चाळीस वर्षं रविवारी कुलूप लावणारा माणूस म्हणाला,
"असतंय की."

आज रविवार. मी साडेदहाला आलो
तर मालक काठीनं पोती झोडपतायत,
अंगणभर पिवळा धुरळा, भुवयासुद्धा पिवळ्या.
सुकुमारनं बॉक्सचा आगाऊ पैसा देऊन टाकलाय म्हणे.
ते आज बोलायचं नाही, असं ठरलं.
दार नुसतं लोटून ठेवलंय.
तबकडी फिरतेय,
सुई अजून वर धरलेली.