छत्तीसचा आकडा

कन्ना चौकात, झेरॉक्सच्या दुकानाला खेटून,
गुरुसिद्ध बिराजदारांच्या स्टुडिओचं शटर
हल्ली अर्ध्यावरच अडतं.
वाकून आत गेलो.
काउंटरवर ठेवला माझा चंदेरी डिजिटल,
वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीएवढा.
त्यांनी तळहातावर तोलला.
"ह्याला वजन तरी हाय का बे?"

मग कपाटातून, टर्किश टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेला
त्यांचा निघाला.
कोपऱ्यांवर काळा रंग उडून खालचं पितळ उघडं,
पट्ट्याला अजून कुणाच्या तरी लग्नातली हळद.
अदलाबदल. वर एक पैसा नाही.
का देताय, असं मी विचारलं नाही,
तरी त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले.
लाकूड स्थिर होतं, बोटं नव्हती.
"फोकस जुळवायला दोन बोटं एका मताची लागतात," म्हणाले,
"तुझं यंत्र बरंय. त्याचं ते बघतंय, त्याचं ते ठरवतंय."

प्रकाश मोजायची सुई मेलेली.
"सोलापुरात सुई काय करायचीय?
दहा ते चार, सोळावर ठेव आन् विसर.
हितलं ऊन खोटं बोलत नाही."

डिजिटलमधलं कार्ड तेवढं काढून घेतलं.
त्यात चार हजार दोनशे अकरा फोटो,
नव्वदेक एकाच मांजराचे,
आणि कितीतरी असे की
कुठे उभा होतो तेही आठवेना.

रोल आठशेचा. घरी दोनशे सांगितले.

वडील ओसरीत जेकार्डची कार्डं दुरुस्त करत होते.
मोराच्या एका डोळ्याला किती भोकं, तोंडपाठ.
फिल्मच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला.
"ही भोकं कशाची?"
"ओढायची."
"नक्षीची नाहीत?"
"नाहीत."
परत दिली. एवढंच आमचं बोलणं,
आणि तेही दिवाळीनंतरचं पहिलं.

आईनं विड्यांचं सूप बाजूला सारलं,
पदर नीट केला, हसली.
मी रिंग फिरवत राहिलो. तिचं हसू
धूसर, स्पष्ट, पुन्हा धूसर,
तोवर ते संपतही आलं होतं.
खट्‌.
"एदी?" म्हणत ती उठून आली, सवयीनं
पाठीमागे बघितलं.
तिथं काळं कातडं.
"महिन्यानं दिसेल."
"महिन्यानं," ती म्हणाली,
आणि सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

छत्तीस म्हणजे किती कमी, ते कंबर तलावावर कळलं.
बगळा उडाला, नाही काढला.
पाणी चमकलं, नाही काढलं.
एक म्हातारा बाकावर बुटाची नाडी सोडत होता,
त्याचा काढला.
का, ते अजून सांगता येत नाही.

शेवटचा उरला तेव्हा संध्याकाळ होती.
वडील माझ्याकडे पाठ करून कार्ड उजेडाला धरून तपासत होते,
बारीक बारीक उजेड त्यांच्या कपाळावर सांडलेला असणार,
मला दिसत नव्हता.
मी त्यांची पाठच काढली.
बनियनला डावीकडे उसवलेलं.

रोल हैदराबादला गेला, सव्विसाव्या दिवशी आला.
पहिले अकरा कोरे. दोष माझा, नीट अडकवलाच नव्हता.
आई त्या अकरांत गेली.
तिला अजून सांगितलेलं नाही.
पाठ मात्र आलीय, उसवलेला टाका न् टाका मोजता येतो.
फोटो ओसरीत खिळ्याला लावून ठेवला.
कुणी काही बोललं नाही,
कुणी काढलाही नाही.

काल रात्री अण्णा बिराजदारांचा फोन.
सुनेला हाका मारून मारून
बटणं शिकून घेतलीयेत म्हणाले.
दुपारभर गच्चीवरून वाळत घातलेल्या चादरी काढल्या,
वारा आला की काढायचं, वारा आला की काढायचं.
"एक सांग, ह्यात
आता किती उरले?"

संपत नाहीत अण्णा, म्हटलं.

पलीकडे बराच वेळ
पंख्याचा आवाज येत राहिला.