हातचा

बुधवारी साडेतीनला मुलं गेली की
आम्ही तिघं वाचनालयातल्या बुटक्या टेबलाशी बसतो,
गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकवून.
बाहेर कॅन्ससचा वारा.
मांसाच्या कारखान्याचा वास आला तर दक्षिणेचा,
नाही आला तर बर्फाचा.

भिंतीवर कार्डं. एक मूल, एक कार्ड.
लाल, पिवळी, हिरवी.
मिनिटाला किती शब्द वाचले तो आकडा पेन्सिलीने,
कारण तो खोडायचाच असतो.
मुख्याध्यापकांनी आधी पेनं वाटली होती.
डार्लीननं ती डब्यात घालून परत केली.

बावीस वर्षं मी दार लावून शिकवलं.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
आत काय चालतं ते मला ठाऊक आणि देवाला,
आणि देव काही तिसरीचे तक्ते बघत नाही.
ऑक्टोबरात मूठ उघडली:
दोन स्वर जोडून येतात त्या शब्दांवर
माझे तेवीसपैकी सतरा लाल.
शेजारच्या वर्गात, मारिसेलाचे, दोन.

मी म्हणालो, यंदाची मुलंच कच्ची आहेत.
कुणी काही बोललं नाही.
डार्लीननं बिस्किट मोडून अर्धं माझ्यापुढे सरकवलं.
मग मी म्हणालो,
मला ते शिकवता येत नाही बहुतेक.
हे वाक्य वाचायला मला किती सेकंद लागले
ते कुठल्याही कार्डावर नाही.

‘सव्वानऊला पाठव,’ मारिसेला म्हणाली. ‘वीस मिनिटं.
माझे चौघं वजाबाकीत अडकलेत, ते तू घे.’
पहिल्या दिवशी मी दारातून डोकावलो.
तिनं प्रत्येकाच्या हातात एक छोटा आरसा दिला होता.
बघा, ओठ कुठे जातात. जीभ कुठे टेकते.
सतरा मुलं स्वतःच्याच तोंडात वाकून बघत होती,
जणू आत कुणी राहायला आलंय.
बावीस वर्षं मी फळा दाखवला.
तोंड दाखवायचं राहूनच गेलं.

थँक्सगिव्हिंगपर्यंत भिंत बरीच निवळली.
हिबाकचं कार्ड मात्र हलेना.
चौतीस. छत्तीस. तेहतीस.
तीन बुधवार आम्ही त्या तीन आकड्यांभोवती फिरलो,
सोमालीतून इंग्रजीत येताना काय सांडतं, चष्मा हवा का, कान तपासावेत का.
डार्लीनला रकाने आखायची खोड आहे.
तिनं एक जास्तीचा आखला: वेळ.
आठ दहा. आठ दहा. आठ दहा.

हिबाकची आई रात्रपाळीला, हाडं वेगळी करायच्या पट्ट्यावर.
ती घरी पोचेपर्यंत धाकट्या दोघांचे बूट,
दूध, हातमोज्यांची दुसरी जोडी, भांडण, सगळं हिबाककडे.
मग अकरा चौकांची चाल.
आणि पापण्यांवरचं बर्फ वितळायच्या आत
मी घड्याळ लावून म्हणायचो, वाच.

अकरा वाजता वाचायला बसवलं.
एकाहत्तर.
दुसऱ्या दिवशी अडुसष्ट.
चौतीस खोटा नव्हता,
फक्त तिचा नव्हता. सकाळचा होता.

बेरजेत हातचा वर लिहायचा असतो,
कोपऱ्यात, बारीक.
मुलं विसरतात तेव्हा मी लाल पेनानं गोल करतो.
ती धाकटी दोघं कोपऱ्यात उभी होती सबंध सत्रभर,
आणि मी तिच्या एकटीच्या नावापुढे उत्तर लिहीत होतो.

आता सव्वासातला फाटकाशी डार्लीन असते,
लोकरी टोपीत, तिघांना नाश्त्याच्या रांगेत लावते.
हे तिच्या कामाच्या यादीत नाही.

डेल्विनचं कार्ड अजून लाल आहे.
आरसा झाला, वेळ बदलून झाली,
मारिसेलानं त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलून पाहिलं
तर कळलं, त्याच्या घरी तीही परकीच.
आम्हाला माहीत नाही.
पुढच्या बुधवारी डार्लीन नवा रकाना आखणार आहे.
वर काय लिहायचं ते ठरलेलं नाही.