आठ तासांची रात्र

मुर्मान्स्कमध्ये सूर्य परतून चार दिवस झाले होते.
परतून म्हणजे, टेकडीच्या खांद्यावरून डोकावून गेला,
उधारी मागायला आलेला माणूस
दाराला कुलूप बघून जातो तसा.

येफीम लुकिच बुटांवरचा बर्फ झटकत आत आला.
काडेपेटी काढून काउंटरवर उघडली :
वांग्याचं बी. अस्त्राखानहून बहिणीनं धाडलेलं.
सव्वीस दाणे, मोजलेले.
"ह्यांना कुठला दिवा लागतो?"

वीस वर्षं दिवे विकतेय मी, सगळं तोंडपाठ :
तांबडा किती, निळा किती, वॅट किती,
पानापासून वीतभर उंच टांगा.
जांभळा स्वस्त. सगळं शहर तोच नेतं.
फेब्रुवारीत बघा आमच्या नऊमजली इमारती,
खिडक्याखिडक्यांतून बीट उकडल्या पाण्याचा उजेड.
कुणाकडे रोपं आहेत ते रस्त्यावरून कळतं,
कुणाला झोप येत नाही, तेही.

दोन्ही लावून दाखवले.
जांभळ्याखाली त्यानं हात धरला,
ट्रॉलरच्या इंजिनघरात भाजून निघालेला,
तो बुडून आठवडा झालेल्या माणसाचा दिसायला लागला.
शेजारी माझं जिरॅनियम, शाईत बुचकळल्यासारखं.
"हे पान हिरवं आहे की पिवळं?"
"त्याला काय करायचंय? त्याला हवं ते मिळतंय."
"मला करायचंय.
तेलाचा रंग बघून सांगायचो मी, इंजिनाचं कुठे दुखतंय."

पांढरा दुपटीनं महाग.
पाकीट उघडलं, मिटलं.
उगाच सॉकेटांच्या फळीपर्यंत जाऊन आला.
तोवर मी म्हटलं ते,
जे खोक्यावर बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही :
सोळा तास उजेड, आठ तास काळोख.
टायमर घ्या. रोपालाही रात्र लागते.

हसला. सोन्याचा दात दिसला.
"चाळीस दिवस आम्ही नुसती रात्र खातोय,
आणि ह्यांना ती घड्याळ लावून वाढायची?"
"हो."
"मग जूनमध्ये त्या वरच्यालाही बसव की एक टायमर.
बायको माझी खिडकीला घोंगड्या ठोकते."

पांढरा नेला.
टायमर नको म्हणाला. रात्र मी हातानं करीन.

परवा शेवटच्या बसमधून पाहिलं,
त्या सगळ्या बिटाच्या पाण्यात
चौथ्या मजल्यावर एक पांढरी चौकट.
साडेअकरा वाजून गेलेले.
सकाळी दुकान उघडायच्या आत फोन :
"खुर्चीतच डोळा लागला गं. त्यांना काही होणार नाही ना?"

म्हटलं, एखादी रात्र चुकली म्हणून कुणी मरत नाही.
पलीकडे बराच वेळ नुसती किटली वाजत राहिली.
मग म्हणाला, दोघांनी डोकं वर काढलंय.
हिरवी आहेत.
बघितली मी.