दाबल्यावर कळ नाही

केमीची कागद गिरणी बंद पडली
तेव्हा लिलावात रौहाने एक कळफलक घेतला,
सहा युरोला, वायरीसकट.
डाव्या अंगाला चोवीस जादा कळा,
त्यांच्यावर गिरणीची बोली :
रोल तुटला. लगदा दाट. वाफ सोडा.
एका लाल कळेवर नुसतंच : भोंगा.

रौहा रुग्णालयाच्या तळघरात बसते.
डॉक्टर बोलून ठेवतात, ती टाइप करते.
पायाखाली पेडल, कानात साल्मेनकिवीबाई,
ज्या राईचा पाव चावत चावत
परक्याच्या पित्ताशयाविषयी बोलतात.

वेइक्का आला, पंचविशीतला,
ओले बूट दाराशी काढून, मोज्यांवर.
एडिटरची सेटिंगची फाईल उघडली.
"आधी ओळख हवी," म्हणाला. "दाबा,
ती आपला आकडा सांगेल."
दाबली. पडद्यावर उमटलं : १८७.
गिरणीत जिला तीस वर्षं रोल तुटला म्हणत
तिचं खरं नाव हे, तर.

मग १८७ ला दिलं :
पोट मऊ, दाबल्यावर कळ नाही.
(हा श्लेष माझा. तिच्या भाषेत
ही कळ वेगळी, ती कळ वेगळी,
आणि कोणी कुणाची कळ काढत नाही.)
लगदा दाट ला : दोन्ही फुप्फुसांत हवा नीट जाते.
वाफ सोडा ला : घरी सोडले.
यावर ती एकटीच हसली.

वेइक्काने यंत्राकडून मोजून घेतलं,
कुठलं वाक्य वर्षात किती वेळा येतं.
चौथ्या नंबरावर बोट ठेवलं :
उपचारांना प्रतिसाद न देता रुग्ण मरण पावला.
"आठवड्याला पाच तरी.
दर खेपेला चाळीसेक ठोके वाचतील.
भोंगा मोकळाच आहे."

"नको."

त्याने कारण विचारलं नाही.
लिहिलेली ओळ पुसलीही नाही,
तिच्यापुढे एक चिन्ह ठेवून
तेवढी मुकी केली.

डिसेंबर. सकाळचे नऊ,
छताजवळच्या झरोक्यात अजून रात्र.
आज साल्मेनकिवीबाई पाव खात नाहीयेत.
रौहा पेडलवरून पाय उचलते,
मग पुन्हा ठेवते, आणि एकेक अक्षर
बोटांनी शोधत असल्यासारखी लिहिते
जे बोटांना केव्हाचं पाठ आहे.
आडनावात एक अक्षर दुबार पडतं.
खोडते. पुन्हा लिहिते.
वेळ टाकते : ०४:५०.
चष्मा पुसते, काच स्वच्छ असूनही.

पुढची फाईल.
सात वर्षांचा मुलगा, पोट दुखतं म्हणून आणलेला,
बहुधा आज गणिताची परीक्षा असावी,
असं बाई म्हणतात, आणि पाव कुरकुरतो.

रौहा दाबते :
रोल तुटला.