कॉलरचा माईक

उद्यमनगरातलं लेथ बंद ठेवून
आप्पा तीन दिवस सोफ्यावर बसले,
कडक इस्त्रीत, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे.
"लेकीनं सांगितलं तेव्हा काय वाटलं?"
"काय वाटायचंय."
दिग्दर्शकानं तेच पाचदा विचारलं.
आईनं मात्र एका टेकमध्ये सगळं काढलं:
मोडलेलं स्थळ, कागलची आत्या, माझे कापलेले केस,
आणि रडून झाल्यावर विचारलं,
"पदर नीट होता न्हवं?"

विनया आत कांदा चिरत होती.
कॅमेऱ्यानं तिचे फक्त हात घेतले.

संध्याकाळी आप्पा किटली घेऊन उठले,
गंगावेशीत म्हशीच्या दुधाला.
कॉलरचा माईक काढायचा राहिला,
कमरेची डबी चालूच.

रात्री आवाजवाल्या पोरानं
हेडफोनचा एक कान माझ्याकडे वळवला.
चपलांची करकर. म्हशीचा सुस्कारा.
"आज लिटरभर जादा घाल, बापू. लेक आलीया.
आणि तिची..."

अकरा सेकंद नुसती धार.
आधी पत्र्यावर वाजणारी,
मग फेसात बुडत गेलेली.

"...तिची विनया."

बापू काय म्हणाला ते कळलं नाही,
मधून एक बुलेट गेली.

दिग्दर्शक टाळी वाजवत म्हणाला, हाच शेवट!
मी म्हटलं, पुसा ते.
पुसलं का नाही, मला ठाऊक नाही.
तेवढ्यात आतून आप्पांची हाक आली,
दूध उतू चाललंय,
गॅस बघा की कुणीतरी,
अगं ए विनया!