दिवसाला अठरा मिनिटं

कॉव्हेंट्री. नोव्हेंबर, चारलाच दिवे.
मिस्टर थ्रॉसेल घड्याळ काउंटरवर ठेवतात, पालथं.
"पुढे पळतंय. दिवसाला अठरा मिनिटं."

आधी होकायंत्र जवळ नेते.
सुई ढिम्म.
म्हणजे लोहचुंबकाची करणी नव्हे.
आतला रेग्युलेटर 'सावकाश'च्या पार टोकाला.
कुणीतरी विनवण्या करून थकलेलं दिसतंय.

मग भिंग.
केसाएवढी कमान,
तिची दोन वेटोळी तेलात
एकमेकांना चिकटून बसलेली.
कमान आखूड झाली की चाक घाईला येतं,
दम लागलेला माणूस
भरभर बोलून टाकतो तसं.

"तेल कुणी घातलं?"
ते मफलर चाचपतात.
"मीच. हिच्या शिवणयंत्राचं.
बाटली नुसती पडून होती."

कमान बेन्झीनमध्ये बुडवते.
वेटोळी सुटतात, जरा कुरकुरत.

शनिवारी घड्याळ कानाला लावून उभे राहतात.
"बरोबर चालतंय?"
"अगदी."
"मग काटे तेवढे पाच मिनिटं पुढे ठेवा.
स्टॉपवर विनिफ्रेड लवकर येते.
बस मात्र वेळेवर असते, मेली."

वहीत लिहिते:
दोष, तेल. चाल बरोबर.
काटे पाच मिनिटं पुढे,
गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून.