चांदणी, जाळी, शून्य

सीताबर्डीत, मोदी नंबर तीनच्या तोंडाशी
माझं दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा
आणि मे महिन्यात गरम वाराच फेकणारा टेबलफॅन.
ड्रॉवरमध्ये शफीक उस्तादांची वही:
साऱ्या कंपन्यांचे छुपे कोड, निळ्या शाईत,
काही घामानं फुटलेले.
एका कोडाखाली लाल रेघ आणि ताकीद:
हा गिऱ्हाइकासमोर मारू नको. सगळं पुसलं जाते.

स्टारला उस्ताद चांदणी म्हणत, हॅशला जाळी.
मोमिनपुऱ्यात त्यांच्या बापाचा माग होता.
दोन धागे उभे, दोन आडवे,
"कापडाची सुरुवात एवढीच असते पोट्ट्या,
बाकी थान म्हणजे हेच, पुन्हा पुन्हा."

परवा, डांबर चपलेला धरून ठेवत होतं
अशा दुपारी
गोळीबार चौकातून सोनकुसरे आले.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
रुमालात गुंडाळलेला फोन.
"पोरगी बोलते अन् मले काहीच ऐकू येत नाही.
स्पीकर बसला वाटते. किती लागतीन?"

मी डायलर उघडला.
चांदणी, जाळी, शून्य, चांदणी.
शेवटची जाळी पडली
की हिरवं बटणही दाबावं लागत नाही,
दार आपसूक उघडते.

लाल. अख्खा पडदा लाल,
एकही ठिपका मेलेला नाही.
हिरवा. निळा.
थरथर: काउंटरवरचे स्क्रू नाचले.
टच: बोटानं चौकोन पुसत गेलो,
पार कोपऱ्यापर्यंत सगळे जिवंत.
मग रिसीव्हर. कानाला लावला.
टूं...
सरळ, स्वच्छ, कुठं गाठ नाही.

फोन त्यांच्या हातात दिला.
त्यांनी उजव्या कानाला धरला. मग डाव्या.
मग पुन्हा उजव्या,
आणि माझ्याकडे पाहत राहिले.
"सुरू कर ना बाप्पा."

सुरूच होता.
शेजारच्या कव्हरवाल्यानंसुद्धा मान वळवली.

वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलं:
पॉवरलूमवर किती वर्षं?
"एकतीस. रातपाळी धरून."
सांगताना त्यांची चिमूट आपोआप मिटली,
तुटला धागा जोडावा तशी.
त्याखाली मी लिहिलं:
फोन चांगला आहे.

त्यांनी वाचलं.
बोट ठेवून पुन्हा वाचलं.
दुपट्ट्याचं टोक कानावरून खाली ओढलं.
रसवंतीच्या घुंगरांचा आवाज
आमच्या दोघांच्या मध्ये येऊन
फक्त माझ्याकडे वळला.

"ते रंग अजून एकवार दाखवजो."

लाल. हिरवा. निळा.
हिरव्यावर त्यांनी हात वर केला, मी थांबलो.
"आमच्या पातळाचा काठ," सोनकुसरे म्हणाले,
"याच्याहून थोडा दाट होता."
पडदा मंद होईपर्यंत पाहिला.
मी एकदा बोट लावून पुन्हा उजळवला.

पैसे नको म्हणून मी मान हलवली.
तरी वीसची नोट वहीवर ठेवली,
आणि फॅननं उडू नये म्हणून
तिच्यावर खिशातला कांदा.

ते रस्त्याला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं.
बाहेर सत्तेचाळीस. लू सुटलेली.
"काका! कांदा! काका, तुमचा कांदा!"

सारी बर्डी मागं वळून पाहत होती.